बॅक्युलोव्हायरसचा प्रमोटर कसा वाचावा आणि कसा तपासावा

कीटकांच्या विषाणूतील एखादे जनुक केव्हा आणि किती जोमाने व्यक्त होईल, हे मुख्यतः त्याच्या आधीच्या प्रमोटरवर, म्हणजे जनुकाचे वाचन जेथून सुरू होते त्या डीएनएच्या भागावर, ठरते. गोव्यात जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सरावासाठी एसीएमएनपीव्ही हा बॅक्युलोव्हायरस (कीटकांना संसर्ग करणाऱ्या विषाणूंच्या एका कुळातील विषाणू) घ्यावा. त्याचा सुमारे १,३४,००० बेसजोड्यांचा जीनोम सार्वजनिक संग्रहात उपलब्ध आहे.

निवडलेल्या जनुकाच्या एटीजीपूर्वीचे (प्रथिनाची सुरुवात दाखवणाऱ्या तीन अक्षरांपूर्वीचे) सुमारे २०० बेस वेगळे काढावेत आणि हा भाग कोणते आरएनए पॉलिमरेज (डीएनए वाचून आरएनए बनवणारे विकर) वाचणार, हे प्रथम ठरवावे. टाटा बॉक्स (टी-ए अक्षरांचा ठरावीक क्रम) आणि त्यापुढे साधारण ३० बेसवर सी-ए-जी-टी दिसल्यास तो आरंभीचा, म्हणजे संसर्गानंतर लगेच चालू होणारा, प्रमोटर असण्याची शक्यता मोठी असते व तो कीटकपेशीचेच पॉलिमरेज-२ वाचते. संसर्गाच्या पुढच्या टप्प्यात व्यक्त होणारी उत्तरकालीन जनुके मात्र एलईएफ-४, एलईएफ-८, एलईएफ-९ आणि पी-४७ या चार प्रथिनांचे विषाणूचे स्वतःचे पॉलिमरेज वाचते, आणि त्याची खूण टी-ए-ए-जी ही असते. चार अक्षरांचा कोणताही क्रम सरासरी २५६ बेसमध्ये एकदा योगायोगानेही येऊ शकतो, म्हणून केवळ ही खूण सापडली एवढ्यावर निष्कर्ष काढू नये.

पॉलिहेड्रिन आणि पी-१० या अत्युत्तरकालीन (अगदी शेवटच्या टप्प्यातील) जनुकांत टी-ए-ए-जी व एटीजी यांमधला ए-टीबहुल पट्टा निर्णायक ठरतो, कारण व्हीएलएफ-१ हे प्रथिन तेथे बसून अभिव्यक्ती अनेक पटींनी वाढवते. क्लोनिंग करताना हा पट्टा अनावश्यक समजून छाटू नये, असा माझा आग्रह आहे. १९८३ साली मानवी बीटा-इंटरफेरॉन कीटकपेशींत तयार झाले, ते पॉलिहेड्रिनच्याच प्रमोटरवर.

पडताळणीसाठी प्रमोटरपुढे ल्युसिफरेज (प्रकाश निर्माण करणाऱ्या विकराचे) जनुक जोडून ते प्लाझ्मिड (डीएनएचे छोटे वर्तुळ) एसएफ-९ या कीटकपेशींत घालावे. या पेशींना २७ अंश सेल्सिअस तापमान लागते, त्यामुळे गोव्याच्या एप्रिल-मेमध्ये थंड करण्याची सोय असलेलाच इन्क्युबेटर हवा. काही पेशींना विषाणूचा संसर्ग द्यावा, काहींना देऊ नये: आयई-१ सारखा आरंभीचा प्रमोटर संसर्गाविनाही प्रकाश देतो, तर उत्तरकालीन प्रमोटरला विषाणूचे पॉलिमरेज लागते. अफिडिकोलिनने विषाणूच्या डीएनएची प्रतिकृती रोखल्यास उत्तरकालीन अभिव्यक्ती थांबते. पॉलिमरेज-२ रोखणारे अल्फा-अमॅनिटिन मात्र सुरुवातीलाच घालू नये. त्याने आरंभीची जनुके बंद पडतात, परिणामी विषाणूचे पॉलिमरेजच तयार होत नाही आणि उत्तरकालीन प्रमोटरही पॉलिमरेज-२ वर चालतो असा चुकीचा समज होतो.

माडावरील गेंडा भुंग्याच्या न्यूडीव्हायरसमध्येही (बॅक्युलोव्हायरसशी नाते असलेल्या विषाणूमध्येही) या पॉलिमरेजच्या चारही घटकांशी नाते सांगणारी जनुके आहेत. त्याच्या क्रमातही टी-ए-ए-जी शोधून पाहावा, परंतु एसीएमएनपीव्हीमधील अंतरे तेथे जशीच्या तशी गृहीत धरू नयेत.