जुन्या शेवी सी-१० मध्ये ५.३ एलएस इंजिन टाकायचंय? मग आधी हे वाचा

१९६७ ते १९७२ मधला शेव्हरोले (शेवी) सी-१० पिकअप ज्यांनी घेतलाय किंवा घ्यायचं मनात आहे, आणि त्यात जीएमच्या एलएस घराण्यातलं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन टाकायचंय, त्यांच्यासाठी लिहितोय. अमेरिकेत आपल्या बऱ्याच मंडळींकडे आता गॅरेज आहे, हात काळे करायची हौस पण आहे, आणि शिकायला यापेक्षा चांगला ट्रक मला तरी माहीत नाही, सगळं डोळ्यासमोर उघडं असतं, बॉनेटखाली भरपूर जागा आणि जवळपास प्रत्येक पार्ट आजही नवीन बनून मिळतो.

इंजिन बदलायचं ठरलं की सगळे आधी इंजिन शोधायला पळतात. माझं ठाम मत आहे की इंजिन बसवणं हा यातला सोपा भाग आहे, ट्रक रोज चालवण्यासारखा होणार की ताडपत्रीखाली पडून राहणार हे ठरतं पत्रा, ब्रेक, पेट्रोलची लाईन आणि वायरिंगवर.

म्हणून आधी गंज बघा. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालची रॉकर पॅनल, पायाखालचा पत्रा आणि विंडशील्डच्या खालचा पत्रा म्हणजे काउल, या चार जागी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. काउल सडलं असेल तर पावसाचं पाणी थेट पायाशी येतं आणि ते काम फार किचकट आहे, असा ट्रक स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही. कोपरे आणि रॉकरचे तयार पत्रे मिळतात, वेल्डिंग येत असेल तर घाबरू नका.

मग ब्रेक. १९७१ पासून सी-१० ला पुढे डिस्क आले, त्याआधीच्यांना चारही ड्रम. मूळ २५० क्युबिक इंचाच्या सहा सिलिंडरला ते पुरत होते, पण ५.३ टाकल्यावर २७० ते २९५ हॉर्सपॉवर येणार, तेव्हा पुढे डिस्क आणि ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर हवेतच, यात काटकसर नको. चाकाचे बोल्ट पण मोजा, १९७० पर्यंत सहा आणि १९७१ पासून पाच, डिस्कचं किट त्याप्रमाणेच घ्यायचं.

आता इंजिन. १९९९ ते २००७ च्या जुन्या बॉडीच्या सिल्व्हराडो आणि २००० ते २००६ च्या टाहो, सबर्बनमधलं ५.३ व्होर्टेक (ट्रकमधल्या एलएसचं नाव), लोखंडी ब्लॉकचं, भंगार यार्डात सगळ्यात सहज मिळणारं हेच. घेताना नुसतं इंजिन घेऊ नका, त्याच गाडीचं ४एल६०-ई हे चार गिअरचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पूर्ण वायरिंग, कॉम्प्युटर, अ‍ॅक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याचं पेडल आणि मॉड्यूल, सगळं एकत्र उचला, नंतर एकेक जमवत बसलात तर पैसे जास्त जातात आणि जुळेलच याची खात्री नाही. २००७ पासूनच्या नव्या बॉडीच्या गाड्यांमधल्या बऱ्याच ५.३ मध्ये चार सिलिंडर बंद करणारी सिस्टिम आहे, तिचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) खराब होतात, म्हणून मी जुन्या पिढीचंच सांगेन. शिवाय जुन्या पिढीत क्रँकवरचं सेन्सर चक्र २४ दात्यांच्या हिशोबाचं, नव्यात ५८ चं, इंजिन एका पिढीचं आणि कॉम्प्युटर दुसऱ्या पिढीचा असं झालं तर गाडी सुरूच होणार नाही.

इंजिन स्टँडवर आहे तोवर तीन गोष्टी बदलून टाका. क्रँकचं मागचं मेन सील, ऑइल पंपाकडे नेणाऱ्या पिकअप ट्यूबची ओ-रिंग (रबरी रिंग) आणि इनटेकखालचे दोन नॉक सेन्सर (इंजिनची ठोठो ओळखणारे). ती ओ-रिंग काही डॉलरची असते पण कडक झाली की ऑइल पंप हवा ओढतो आणि ऑइल प्रेशर पडतं, आणि नॉक सेन्सरच्या खड्ड्यात पाणी साचून ते गंजतात, गाडीत बसवल्यावर तिथे पोचायला अख्खं इनटेक काढावं लागतं.

बसवताना दोन ठिकाणी अडतं. ट्रकचं ऑइल पॅन खोल असतं, ते चॅसीच्या आडव्या पट्टीला म्हणजे क्रॉसमेंबरला लागतं, तेव्हा १९९८-२००२ कॅमारोचं किंवा अशा इंजिन बदलासाठी (स्वॅप) बनवलेलं पॅन लावा. एसीचा कॉम्प्रेसर खाली उजवीकडे असतो तो चॅसीला भिडतो, त्याला वर नेणारं ब्रॅकेट मिळतं, मी तरी चॅसी कापायच्या विरोधात आहे. गिअरबॉक्ससाठी क्रॉसमेंबर सरकवावा लागेल, ड्राइव्हशाफ्ट मापाने कापून बॅलन्स करून घ्या. पण चौथा गिअर ०.७० चा आहे, म्हणजे ड्राइव्हशाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचा ०.७० फेरा, आधी हायवेला २८०० आरपीएमवर ओरडणारं इंजिन त्याच वेगाला २००० च्या आत येतं, आणि या एका सुखासाठी मी हा सगळा उद्योग परत करेन.

पेट्रोलवर सगळ्यात जास्त वेळ द्या. मूळ टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे आहे, म्हणजे तुमच्या पाठीशी पेट्रोल, ती काढाच. मागे चॅसीच्या दोन पट्ट्यांमध्ये इंजेक्शनसाठीची टाकी बसते, पंप आत असलेली. जुन्या कार्ब्युरेटरला पेट्रोलचं ५-७ पीएसआय प्रेशर पुरायचं, या इंजिनला ५८ लागतं, म्हणून जुना पाईप, जुनं रबर, साधे क्लॅम्प काहीही ठेवू नका. १९९९-२००३ कॉर्व्हेटचा फिल्टर मिळतो, त्यात प्रेशर रेग्युलेटर आतच आहे, तो टाकीजवळ लावा, रिटर्न लाईन तिथूनच मागे जाते आणि इंजिनपर्यंत एकच पाईप न्यावा लागतो.

वायरिंगला लोक घाबरतात, पण खरं तर बॅटरी, इग्निशन, ग्राउंड आणि पंपाचा रिले एवढंच ट्रकला जोडायचं असतं, बाकी सगळं इंजिनावरच फिरतं. इग्निशनची वायर किल्ली स्टार्टवर असतानाही चालू राहिली पाहिजे, जुन्या ट्रकात काही वायरी त्या क्षणी बंद होतात आणि मग इंजिन नुसतं फिरतं, पेट घेत नाही. ब्लॉक, चॅसी, केबिन आणि बॅटरी यांना जाड ग्राउंड द्या, रंग खरवडून. कॉम्प्युटरमधली चोरीविरोधी सिस्टिम ट्यूनरकडून (कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणाऱ्याकडून) बंद करून घ्यावी लागते, नाहीतर सुरू होऊन लगेच बंद पडेल.

हेडवरून निघणारी वाफेची बारीक नळी बंद करू नका, ती रेडिएटरच्या वरच्या बाजूला जोडा, ती बुजवली की हेडमध्ये हवा अडकते आणि तापमानाचा काटा ठीक दिसत असतानाही आत तापतं.

पहिल्यांदा सुरू करताना पेट्रोलच्या पंपाचे आणि इंजेक्टरचे फ्यूज काढून ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवा. मग पंपाचा फ्यूज परत लावून नुसता पंप चालवून पेट्रोलच्या लाईनचा प्रत्येक सांधा हाताने तपासा, अग्निशामक शेजारी ठेवा, आणि मगच इंजेक्टरचे फ्यूज लावून पूर्ण किल्ली फिरवा.

कागदपत्रं तुमच्या राज्याची बघा, कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट नाही. भारतात कोणी असा विचार करत असेल तर इंजिन बदलायच्या आधी आरटीओची परवानगी लागते, आधी, नंतर नाही.

पहिल्या शंभर मैलांनंतर इंजिनचे माउंट, ड्राइव्हशाफ्ट आणि एक्झॉस्टचे बोल्ट परत आवळा, गिअरबॉक्सचं ऑइल गरम असताना बघा. बाहेरचा रंग मात्र एक उन्हाळा चालवून झाल्यावरच द्या, तोवर फेंडर आणि बॉनेट दोन-चार वेळा तरी काढावं लागतं.