टायर घेण्यापूर्वी इतर चालकांचे अनुभव कसे तोलावेत

टायर गोटा व्हायला आले की आपण ओळखीच्यांना विचारू लागतो आणि दोन दिवसांत उत्तरांचा ढीग जमतो. एमआरएफ टिकतो, मिशेलिनचा आवाज येत नाही, योकोहामाची पकड चांगली, अशी ही मते असतात. ती प्रामाणिक असतात, परंतु कोणती गाडी, कोणता रस्ता आणि किती हवा हा त्यांचा अर्धा भाग सांगताना गळून गेलेला असतो. तो परत मिळवल्याखेरीज दोन ब्रँडची तुलना करू नये.

सुरुवात स्वतःपासून करावी. आपली गाडी वर्षाला किती किलोमीटर चालते आणि त्यांतील किती शहरात, किती घाटात, किती महामार्गावर, हे कागदावर लिहावे. त्याखाली टायरच्या बाजूवरील आकडे उतरवून घ्यावेत. उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५ ८८ एच याचा अर्थ रुंदी १८५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची, एका टायरची भारक्षमता ५६० किलो आणि वेगमर्यादा ताशी २१० किलोमीटर असा होतो. आपल्याच मापाच्या आणि साधारण तेवढ्याच वजनाच्या गाडीचा अनुभव आपल्या उपयोगाचा असतो. जड एसयूव्हीच्या मालकाचे मत छोट्या हॅचबॅकसाठी फारसे कामाचे नाही.

यानंतर प्रत्येकाला ब्रँडच्या पुढचे नाव विचारावे, कारण खरी तुलना तिथेच असते. सिएटचा मायलेझ जास्त किलोमीटर चालावा या हेतूने विकला जातो, तर सिक्युराड्राइव्ह गाडीवरील नियंत्रणासाठी. अपोलोच्या अमेझर ४जी लाइफ आणि अल्नॅक ४जी यांच्यातही असाच फरक आहे. रबर कठीण असेल तर टायर झिजायला वेळ लागतो, पण बहुधा ओल्या रस्त्यावरची पकड काहीशी कमी होते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांमधील अंतर हे दोन कंपन्यांच्या एकाच जातीच्या टायरांमधील अंतरापेक्षा मोठे असू शकते.

विचारायचे कोणाला, यालाही महत्त्व आहे. टॅक्सीचालकाकडे हजारो किलोमीटरचा हिशेब असतो, म्हणून टिकाऊपणाविषयी त्याचे म्हणणे आधी ऐकावे. मात्र त्याचे टायर जुने होण्याआधीच झिजून जातात. वर्षाला जेमतेम पाच-सहा हजार किलोमीटर चालणाऱ्या घरच्या गाडीचे टायर झिजण्याआधी वयानेच कडक होतात. तिथे जास्त टिकणाऱ्या टायरपेक्षा चांगल्या पकडीचा टायर घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बाजूला कट लागणे, फुगा येणे याबद्दल पंक्चरवाल्याला विचारावे, कारण सगळ्या ब्रँडचे जखमी टायर त्याच्याच हातांखालून जातात. दुकानदाराचे मत जरूर घ्यावे, पण एखाद्या ब्रँडच्या विक्रीवर त्याला कंपनीकडून जादा फायदा मिळत असू शकतो, याचे भान ठेवावे.

सर्वांत मोठी फसगत नव्या टायरच्या पहिल्या महिन्यात होते. जुना टायर खडबडीत झिजलेला असतो, त्यामुळे नवा कोणताही टायर बसवला तरी गाडी शांत आणि मऊ वाटते. शिवाय त्याच दिवशी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) आणि बॅलन्सिंगही (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे) झालेले असते. हे श्रेय सरसकट नव्या ब्रँडला जाते आणि जुना ब्रँड विनाकारण बदनाम होतो. माझ्या गाडीचा पुढचा एक टायर घोंघावू लागला, तेव्हा मीही कंपनीलाच दोष दिला होता. नंतर अलाइनमेंट बिघडल्यामुळे त्याची आतली कड झिजल्याचे लक्षात आले. म्हणून किमान २०,००० किलोमीटर झालेल्या टायरविषयीच विचारावे, आणि हवा किती दिवसांनी तपासली, पुढच्या-मागच्या टायरांची अदलाबदल केली का, हेही विचारावे. समृद्धी महामार्गावर टायर फुटल्याचे कोणी सांगितले, तर ब्रँडआधी हवेचा दाब आणि टायरचे वय विचारावे. हवा कमी असताना टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकते, त्यातून उष्णता साठते, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर सलग वेगाने जाताना ती वाढतच राहते.

जिथे शक्य आहे तिथे शब्दांऐवजी माप घ्यावे. समजा, नव्या टायरची नक्षी, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावरच्या खाचा, ८ मिलिमीटर खोल होती आणि २०,००० किलोमीटरनंतर ती ५ मिलिमीटर उरली. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर असली, तरी आपल्या पावसाळ्यात ३ मिलिमीटरला टायर बदलणे बरे. त्या हिशेबाने हा टायर सुमारे ३३,००० किलोमीटर देईल. चार टायरांची किंमत २४,००० रुपये धरल्यास खर्च किलोमीटरला सुमारे ७३ पैसे येतो. अशी मोजणी वेगवेगळ्या टायरांसाठी केली, की स्वस्त आणि महाग यांचा क्रम कधी कधी उलटतो.

ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबते, याबाबत मात्र ऐकीव अनुभवावर विसंबू नये. रोजच्या चालवण्यात पूर्ण जोराने ब्रेक दाबण्याची वेळ क्वचितच येते. टायरच्या बाजूवर ट्रॅक्शनची, म्हणजे ओल्या रस्त्यावरील पकडीची, श्रेणी छापलेली असल्यास ती पाहावी: एए सर्वोत्तम, त्यानंतर ए, बी आणि सी.

दोन-तीन नावे उरली, की दुकानात टायरच्या बाजूवरचा निर्मितीचा चार अंकी आकडा वाचावा. २३२५ म्हणजे २०२५ सालातील तेविसावा आठवडा. फार जुना साठा नाकारावा आणि बिलावर टायरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. टायर बसवल्याच्या दिवशी तारीख, ओडोमीटरचा आकडा आणि नक्षीची खोली वहीत टिपून ठेवावी, म्हणजे पुढे कोणी आपल्याला विचारले, तर त्याला नेमके उत्तर देता येईल.