घरी बनवलेल्या कारंज्याने तरण तलावाचे तापलेले पाणी कसे थंड करावे

कडक उन्हाळ्यात उघड्यावरच्या तरण तलावाचे पाणी दिवसेंदिवस तापत जाते आणि त्याचे तापमान ३२-३३ अंश सेल्सिअसवर पोहोचले की पोहण्यातला तजेला निघून जातो. आंतरराष्ट्रीय जलतरण स्पर्धांच्या नियमांत पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश ठेवलेले आहे; त्याहून बरेच गरम पाणी जोमाने पोहणाऱ्याला लवकर थकवते. शिवाय कोमट पाण्यात शेवाळ झपाट्याने वाढते आणि क्लोरीनही अधिक खर्च होते. तलावाला आधीच जोडलेला पंप आणि थोडे पीव्हीसी पाइप एवढ्या सामग्रीवर हे पाणी काही अंशांनी उतरवता येते. मात्र किती उतरेल, हे पंपापेक्षा आजूबाजूच्या हवेवर अधिक अवलंबून असते, म्हणून पाइप कापण्याआधी हवा तपासणे आवश्यक आहे.

कारंजे पाणी थंड कसे करते

पोहून बाहेर आल्यावर वारा लागताच अंगावर काटा येतो, कारण अंगावरचे पाणी वाफ होताना त्वचेतली उष्णता घेऊन जाते. कारंज्यात हेच घडते. १ लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता निघून जाते, तेवढ्यात सुमारे ५८० लिटर पाणी १ अंशाने थंड होऊ शकते. तलावाच्या सपाट पृष्ठभागावरूनही वाफ होतच असते, पण पाण्याचे थेंब केले की हवेला भिडणारे क्षेत्र कितीतरी वाढते: १ लिटर पाणी २ मिलिमीटर व्यासाच्या थेंबांत विभागले, तर त्यांचे एकूण पृष्ठफळ ३ चौरस मीटर भरते.

आधी हवा मोजा

एका साध्या तापमापीच्या फुग्याभोवती सुती कापडाची ओली पट्टी गुंडाळावी, तिच्यावर पंख्याचा वारा सोडावा आणि पारा उतरायचा थांबला की आकडा टिपून घ्यावा. या आकड्याच्या खाली कारंजे पाणी नेऊ शकत नाही. व्यवहारात ते त्याच्या दोन-तीन अंश वरच थांबते. हवा ४० अंश तापलेली असली, पण सापेक्ष आर्द्रता २० टक्के असली, तर ओली तापमापी साधारण २२-२३ अंश दाखवते, म्हणजे अशा कोरड्या हवेत कारंजे उत्तम काम देईल. याउलट हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर हाच आकडा २९ च्या आसपास येतो आणि ३१ अंशांच्या पाण्यात फारसा फरक पडत नाही. अशा दमट हवेत कारंज्यावर श्रम करण्याऐवजी तलावावर सावली करणे अधिक उपयोगाचे ठरते.

हे मोजमाप दुपारी आणि पहाटे असे दोन्ही वेळा करावे. पहाटे सापेक्ष आर्द्रता वाढलेली असते, म्हणून तेव्हा बाष्पीभवन निरुपयोगी ठरेल असा अनेकांचा समज होतो. पण हवाच थंड झालेली असल्याने ओल्या तापमापीचा आकडा बहुधा पहाटेच सर्वांत कमी असतो. त्यातच रात्रीची हवा पाण्यापेक्षा थंड असली, तर थेंब नुसत्या हवेच्या स्पर्शानेही उष्णता सोडतात. म्हणून कारंजे सूर्यास्तानंतर सुरू करून सूर्योदयाच्या सुमारास बंद करावे. भर दुपारी उन्हात उडणारे पाणी देखणे दिसते, परंतु त्या वेळी उन्हाने तलावात भरली जाणारी उष्णताच जास्त असते.

साहित्य

दीड इंची पीव्हीसी पाइप, त्याच मापाचे दोन एल्बो (काटकोनात वळणारे जोड), एक टी (तीन तोंडांचा जोड), आटे असलेला एक जोड, आट्यांची दोन टोपणे व ती बसतील असे जोड, टेफ्लॉन टेप, पीव्हीसी चिकटवण्याचे सॉल्व्हंट, हॅक्सॉ, सँडपेपर, ३ मिलिमीटरचे पाते असलेले ड्रिल आणि गंज न लागणारे काही छोटे स्क्रू एवढे पुरते.

जोडणी

१. पंप बंद करून त्याचा वीजपुरवठा मुख्य बटणावरून तोडावा. गाळलेले पाणी तलावात परत सोडणारे जे तोंड भिंतीत असते, त्यावरची कडी आणि फिरता गोळा उघडून काढावा. आत आटे दिसतील. ते अनेक ठिकाणी दीड इंची असतात, तरीही काढलेला भाग सोबत नेऊन जोड त्याच्याशी ताडून घ्यावा, कारण मापाच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि न जुळणारा जोड जोर लावून बसवल्यास भिंतीतले आटे कायमचे खराब होतात.

२. आट्यांच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळून तो हातानेच घट्ट बसवावा. त्यात पाइपचा छोटा तुकडा, मग वर वळणारा एल्बो आणि त्यात पाण्याच्या पातळीपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर वर येईल असा उभा पाइप बसवावा. तलावाचा काठ पुढे आलेला असेल, तर आडवा तुकडा थोडा लांब ठेवावा. दुसरा एल्बो उभ्या पाइपच्या माथ्यावर बसवून त्याचे तोंड तलावाच्या मध्याकडे करावे आणि त्यात छोट्या तुकड्याने टी जोडावा. टीच्या दोन्ही बाजूंना ६५-६५ सेंटिमीटरचे हात निघतील, ते भिंतीला समांतर राहतील, आणि हाच फवारा देणारा भाग होय.

३. प्रत्येक हातावर पेन्सिलने सरळ रेघ आखून ४ सेंटिमीटर अंतरावर ३ मिलिमीटरची भोके पाडावीत. सुरुवातीला प्रत्येक हातावर १० भोके पुरेत. ती वाढवता येतात, बुजवणे त्रासाचे असते. भोकांच्या आतल्या कडा सँडपेपरने साफ कराव्यात, नाहीतर धार फाटून वाकडी जाते. याहून बारीक भोके पाडण्याचा मोह टाळावा. सूक्ष्म थेंब अधिक लवकर थंड होतात हे खरे. पण ते वाऱ्याबरोबर तलावाबाहेर जातात, त्यांच्याबरोबर पाणी आणि क्लोरीन दोन्ही वाया जाते, आणि बारीक भोके क्षारांनी लवकर बुजतात.

४. हातांच्या टोकांना आट्यांची टोपणे लावावीत, म्हणजे आत अडकलेला कचरा काढता येतो. सर्व काही आधी सॉल्व्हंट न लावता जुळवून पाहावे, फवाऱ्याची दिशा ठरल्यावर खालचे जोड सॉल्व्हंटने पक्के करावेत आणि टीजवळचा जोड मात्र स्क्रूने धरून ठेवावा, जेणेकरून हात पुढेही फिरवता येतील. नुसता दाबून बसवलेला जोड पाण्याच्या दाबाने निसटतो. उभा पाइप काठाला किंवा शिडीला बांधावा, कारण वरच्या भागाचे वजन भिंतीतल्या आट्यांवर पडता कामा नये.

पहिली चाचणी

कारंजे जोडण्याआधी पंप चालू असताना फिल्टरवरील दाबमापक दाखवतो तो नेहमीचा आकडा लिहून ठेवलेला असावा. तलावात पाणी सोडणारी दोन किंवा अधिक तोंडे असतील, तर कारंजे एकावर बसवून बाकीची उघडी ठेवावीत. एकच तोंड असेल, तर दाब स्पष्टपणे वाढलेला दिसताच पंप थांबवून भोके वाढवावीत; कोंडलेल्या पंपावर रात्रभर ताण ठेवू नये. पाणी दीड मीटर उंच उडण्यासाठी भोकांपाशी जेमतेम ०.१५ बार दाब लागतो, त्यामुळे साधा पंपही हे काम सहज करतो. धारा जवळजवळ उभ्या, किंचित मध्याकडे झुकलेल्या ठेवाव्यात: दीड मीटर उंच जाऊन परत येणारे पाणी १ सेकंदाहून थोडे अधिक हवेत राहते आणि तेवढा अवधी मोलाचा असतो.

अपेक्षा किती ठेवावी, यासाठी एक हिशेब पाहू. भोके वाढवून दोन्ही हातांवर मिळून ३० केली, तर त्यांतून एवढ्या दाबाला ताशी सुमारे अडीच हजार लिटर पाणी उडते. ते १० तास चालले आणि प्रत्येक लिटर सरासरी ३ अंशांनी थंड होऊन परतले, तर ५० हजार लिटरचा तलाव एका रात्रीत दीड अंशाने उतरतो. दुसऱ्या दिवशीचे ऊन त्यातला काही भाग परत भरून काढते, म्हणून परिणाम एका रात्रीवर न जोखता सलग तीन-चार रात्री कारंजे चालवून रोज सकाळी एकाच खोलीवर तापमान मोजावे. तलावावर आच्छादन असेल तर रात्री ते काढावे, कारण ते वाफ अडवते.

पाण्याची निगा

वरच्या हिशेबातल्या रात्री सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जाऊ शकते, म्हणून पातळीवर लक्ष ठेवावे. पातळी घटून पंपात हवा शिरली तर पंप खराब होतो. वाफ होताना क्षार मागेच राहतात, त्यामुळे पाण्याचा जडपणा हळूहळू वाढतो. त्याहून लवकर जाणवणारा बदल सामूचा (पीएचचा) असतो. पाणी हवेत उडाल्याने त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू चढतो. चढलेल्या सामूत क्लोरीनची जंतुनाशक शक्ती कमी होते. कारंजे चालू असलेल्या दिवसांत एक दिवसाआड सामू तपासून तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवावा.

सुरक्षितता

तलावात कुणी उतरण्यापूर्वी कारंजे बंद करून काढून ठेवावे, कारण पाण्याखालचा एल्बो आणि वरचे हात पोहणाऱ्याच्या, विशेषतः मुलांच्या, डोक्याला लागू शकतात. वेगळा विजेचा पंप पाण्यात सोडून कारंजे करण्याचा विचारही करू नये. पाणी खारवलेला तलाव असेल, तर फवारा काठावरच्या दगडांवर किंवा धातूच्या शिडीवर पडणार नाही अशी दिशा ठेवावी. सुकलेले मीठ दोन्हींची झीज करते.

हंगाम संपल्यावर टोपणे उघडून पाइप आतून धुवावेत, भोकांत साचलेले क्षार सौम्य व्हिनेगरने काढावेत आणि सर्व भाग सावलीत ठेवावेत, कारण सतत उन्हात राहिलेले पीव्हीसी ठिसूळ होऊन पुढच्या वर्षी जोडापाशी तडकते.