वॉरंटी संपत आली अन् इंजिनातून ऑइल गळाले लागलं: माझा अनुभव

राजेहो, वॉरंटी संपाले थोडेच दिवस उरले अन् गाडी उभी करतो तिथं फरशीवर काळे थेंब दिसाले लागले. दारव्ह्याहून यवतमाळले सर्व्हिस सेंटरले नेली तर म्हणे "भाऊ, थोडंफार पाझरणं नॉर्मल आहे, पुढच्या सर्व्हिसिंगले पाहू", म्हणजे वॉरंटी संपल्यावर! मंग गावातल्या मेकॅनिकनं इंजिन डिग्रीझरनं (तेलकट घाण काढाचं द्रावण) पुसून कोरडं केलं अन् जोडांवर टाल्कम पावडर मारली, गाडी थोडी फिरवून आणली की जिथून ऑइल येते तिथली पावडर ओली होऊन काळी पडते, तर गळती वर व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून, म्हणजे जोडातून ऑइल गळू नये म्हणून बसवलेल्या पट्टीतून होती, ऑइल खाली ओघळते म्हणून नुसतं खालून पाहून समजतच नाही. पण बाहेरच्या मेकॅनिकले काही उघडू देऊ नका, त्याईले वॉरंटी नाकाराले कारण भेटते. फोटो, व्हिडिओ काढले, डिपस्टिकचेही (ऑइलची पातळी पाहाची पट्टी), अन् जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) "इंजिन ऑइल गळती" हे तारीख अन् किलोमीटरसकट लिहूनच घेतलं, तोंडी बोलण्याले काही किंमत नाही. कंपनीले ईमेलही टाकला. वॉरंटी चालू असताना नोंदवलेली तक्रार टाळणं त्याईले जड जाते. गॅस्केट फुकटात बदलून भेटलं. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनले १९१५ वर फोन लावा.