ऑफिसची हुरडा पार्टी ठरवताना

आमच्या ऑफिसात हुरडा पार्टीची जबाबदारी माझ्याकडे असते. सोलापुरात डिसेंबर-जानेवारी हा हुरड्याचा मोसम. पण संक्रांतीचा आठवडा टाळाच. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, लोकांना घरच्यांबरोबर जायचं असतं.

सगळ्यात आधी वार ठरवा. रविवार ठेवू नका. माझ्या जुन्या ऑफिसात रविवारी हजेरी सक्तीची होती, वर वर्गणी पगारातून कापलेली. शिपाईमामा दिवसभर आगटीपाशी कणसं भाजत बसले, त्यांना कुणी 'खा' म्हटलं नाही. ते मला आजही टोचतं. म्हणून कामाच्या दिवशीच दुपारी बाराला निघा, खर्च ऑफिसने करावा, आणि भाजायला शेतावरचा माणूस मजुरी देऊन ठेवा.

हुरडा गूळभेंडी ज्वारीचा मागा. दाणा गोड असतो, सहज सुटतो. गोवऱ्यांच्या आरावर कणीस भाजून गरम असतानाच हातावर चोळायचं. सोबत शेंगाचटणी, गूळ, दही, बोरं. भाषणं नकोत.

परतीची गाडी अंधारापूर्वी सुटेल हे आधीच सांगा, म्हणजे बायका निवांत बसतात. आणि जो येणार नाही, त्याला कारण विचारू नका.