लग्नाच्या तयारीत नवरदेवाला आणि चाकोरीबाहेरच्या जोडप्यांना बरोबरीची जागा कशी मिळवावी

लग्नाच्या व्यवसायाची बरीचशी घडी एका नवरीभोवती बसवलेली असते. चौकशीच्या फॉर्मवर पहिलं नाव तिचं, मेल तिलाच, नमुनेही तिलाच दाखवायचे. नवरदेवाला फक्त किती वाजता पोहोचायचं ते कळतं. दोन नवरदेव, दोन नवऱ्या, उतारवयातलं जोडपं किंवा मुलं असताना दुसरं लग्न करणारे यांना तर त्या फॉर्मवर रकानाच सापडत नाही. अशा वागण्यामागे बहुतेक वेळा वर्षानुवर्षं न बदललेले कागद असतात, म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी.

पहिल्याच मेलमध्ये दोघांची नावं, दोघांचे पत्ते आणि कुणाला काय संबोधायचं ते लिहा. उत्तर एकालाच आलं तर एकदा स्पष्ट सांगा. पुन्हा तसंच झालं तर दुसरीकडे चौकशी करा, कारण लग्नाच्या दिवशीही हीच माणसं तशीच वागतील. करारावर दोघांची नावं आणि सह्या हव्यात. हवे असलेले फोटो आणि त्या दिवसाचं वेळापत्रक कराराला जोडून घ्या, आणि हे सगळं ॲडव्हान्स देण्याआधी.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते नवरदेवाच्या कपड्यांकडे. ‘एका दुपारी होऊन जाईल’ हा समज घातक आहे. मापाने शिवलेल्या सूटसाठी 3 महिने हाताशी ठेवा. तयार सूट घेत असाल तर आधी खांदे बघा. खांद्याची शिवण बाहीवर ओघळत असेल तर तो सूट सोडून द्या, कारण खांदा दुरुस्त करायचा म्हणजे जॅकेट जवळजवळ उसवावं लागतं. कंबर आणि पायाची लांबी मात्र सहज बदलते. बाहीखाली शर्टाचा कफ 1 ते 1.5 सेंमी दिसावा. बाहीच्या टोकाला खरी काजं, म्हणजे बटण खरंच उघडता येईल अशी, असतील तर खालून लांबी कमी करता येत नाही, म्हणून काजं शेवटी करायला सांगा. शेवटची ट्रायल लग्नाआधी 2 ते 3 आठवडे ठेवा आणि त्या दिवशी घालायचे तेच बूट घालून जा, नाहीतर पँटची लांबी चुकते. बसून पाहा, दोन्ही हात वर करून पाहा. ज्या नवरीला सूट हवा आहे तिने छाती आणि नितंबांची मापं वेगळी घ्यायला लावावीत. पुरुषी मापाचा सूट नुसता आवळला की खिसे उघडे पडतात आणि मागची चीर फाकते.

फोटोंच्या वेळापत्रकात एकाच्या तयारीला दीड तास आणि दुसऱ्याला उरलेली 10 मिनिटं, असं सर्रास होतं. दोघांना 40-40 मिनिटं मागा. फोटोग्राफर एकच असेल तर तयारीच्या खोल्या शेजारीशेजारी घ्या.

दोघंही गडद सूटमध्ये असतील तर गडद पार्श्वभूमीवर दोन आकृत्या एकमेकींत मिसळून जातात. मागून प्रकाश लावायला किंवा फिकट भिंतीपुढे उभं करायला सांगा. ‘उंच माणूस मागे, दुसरा त्याच्या मिठीत’ ही ठरलेली पोझ नको असेल तर तेही आधीच कळवा.

व्हीलचेअर असेल तर हॉलचे फोटो पाहून विश्वास ठेवू नका, टेप घेऊन जा. दार 90 सेंमी मोकळं असावं. रॅम्पचा उतार 1:12, म्हणजे 15 सेंमी उंचीच्या पायरीला 180 सेंमी लांबी. स्टेजचा रॅम्प हमखास विसरला जातो. फोटोग्राफरने कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा.

आठवडाभर आधी लग्नात काम करणाऱ्या सगळ्यांना एक पान पाठवा: नावं आणि त्यांचे उच्चार, कोण कुठे उभं राहणार, मुलं कधी पुढे येणार. निवेदकाने उच्चारायचं वाक्य शब्दशः लिहून द्या, नाहीतर सवयीने ‘वधू-वर’ तोंडातून निघतंच. अडचण आली तर कुणाला फोन करायचा तो नंबर शेवटी द्या. तो तुमच्या दोघांपैकी कुणाचाही नको.