कमोडमध्ये गरम पाणी, बंद दिव्यात उजेड: फ्लॅट तपासणीच्या कामात येणाऱ्यांसाठी

पुण्याच्या वाकड, हिंजवडी, खराडी, वाघोली पट्ट्यात जशा नव्या इमारती वाढल्या, तसं एक नवं कामही रुजलं: ताबा घेण्याआधी ग्राहकाच्या बाजूने फ्लॅट तपासून देणं. सिव्हिल डिप्लोमा किंवा बी.ई. झालेली बरीच मुलं-मुली हल्ली या कामाबद्दल विचारतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, सगळ्यात भयंकर काय पाहिलंत?" किस्से भरपूर आहेत आणि ते सांगायला मला आवडतंही. पण प्रत्येक किश्शामागे कामाचा एक धागा असतो, तो धरूनच सांगतो. माझं ठाम मत आहे की ज्या दोषावर सगळे हसतात, तोच आपल्याला मोठ्या दोषापर्यंत नेतो. हसून पुढे गेलात तर खरी तपासणी राहून जाते.

कमोडचंच घ्या. एका नव्या टू बीएचकेमध्ये गीझर चालू करून सगळे नळ तपासत होतो. फ्लश दाबला आणि कमोडमधून वाफ आली. ग्राहक काका-काकू, साईटचा सुपरवायझर, सगळेच हसले. प्लंबरला बोलावलं तर तो म्हणाला, "साहेब, लाईन बरोबरच आहे, फक्त उलटी जोडली गेलीय." फ्लश टाकीला गरम पाण्याची लाईन गेली होती. अँगल कॉकची (भिंतीतून टाकीला पाणी देणाऱ्या छोट्या नळाची) जोडणी बदलली की पाच मिनिटांत दोष संपतो, आणि बहुतेक जण दोषांच्या यादीत एवढंच लिहून मोकळे होतात.

इथे थांबायचं नाही. गीझर बसवल्यानंतर त्या बाथरूममध्ये कुणी एकदाही पाणी सोडून पाहिलेलं नाही, असा याचा अर्थ होतो. मग भिंतीत गाडलेल्या पाईपांची प्रेशर टेस्ट तरी झाली असेल का? टाईल लावण्याआधी लाईन भरून, पंपाने दाब देऊन, गेजचा काटा स्थिर राहतो का हे पाहायचं असतं. आम्ही ती टेस्ट मागितली. काटा हळूहळू खाली येऊ लागला. शोध घेत गेलो तर स्वयंपाकघराच्या ओट्यामागचा एक जॉइंट पाझरत होता. तो तसाच राहिला असता तर सहा-आठ महिन्यांनी पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीला पोपडे आले असते आणि सगळ्यांनी दोष रंगाला दिला असता. आणखी एक गोष्ट पाहा. गार पाण्याला यूपीव्हीसी आणि गरम पाण्याला सीपीव्हीसी पाईप वापरलेले असतील आणि अदलाबदल भिंतीच्या आत झालेली असेल, तर गीझरचं पाणी त्या कामासाठी नसलेल्या पाईपातून वाहतं. तो नरम पडतो, जॉइंट सुटतात. म्हणून अदलाबदल नळाशी झालीय की भिंतीत, हे ठरवल्याशिवाय त्या बाथरूममधून बाहेर पडू नका.

विजेच्या बाबतीत तर हसण्यात धोकाच असतो. एका घरात राहायला आलेल्या आजी सांगत होत्या की रात्री दिवा बंद केला तरी तो मिणमिणतो. घरातल्यांनी त्याला भुताटकी म्हणून चेष्टेवारी नेलं होतं. बटणात इंडिकेटर असेल तर एलईडी असा मिणमिणू शकतो, ते निरुपद्रवी असतं. पण इथे साधं बटण होतं. उघडून पाहिलं तर फेजऐवजी (वीज आणणाऱ्या जिवंत वायरीऐवजी) न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, बटणातून फिरवलेली. म्हणजे बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये वीज जिवंत. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला वाटणार, आपण बटण बंद केलंय. एका पॉइंटला असं सापडलं की त्याच वायरमनने केलेले सगळे पॉइंट तपासायचे. त्या घरात तीन खोल्यांत तेच होतं.

दाराची बेल दाबली की समोरच्या फ्लॅटमध्ये वाजते, हा प्रकारही मी पाहिलाय. सुपरवायझर सांगतो, "वायर बदलून घेऊ." बदलतीलच. पण डक्टमध्ये, म्हणजे पाईप-वायरी नेण्याच्या उभ्या पोकळीत, दोन घरांच्या वायरी एकमेकांत गेल्यात, हे त्या बेलने तुम्हाला सांगितलेलं असतं. लगेच आपल्या फ्लॅटचा मेन बंद करा आणि टेस्टर घेऊन प्रत्येक पॉइंटला फिरा. एखादा पॉइंट चालूच राहिला तर तो शेजाऱ्याच्या मीटरवर आहे. शेजारी तयार असतील तर त्यांचाही मेन बंद करून उलटी खात्री करा. बिलावरून होणारी भांडणं टळतात हा लहान फायदा झाला. मेन बंद करून निर्धास्तपणे काम करणाऱ्या माणसाला त्या एका पॉइंटवर झटका बसत नाही, हा मोठा.

अर्थिंगबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नवीन लोक हमखास इथे फसतात. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर स्वस्त आणि सोयीचा आहे, बॅगेत हवाच. पण कुणी सॉकेटच्या मागे अर्थची पिन सरळ न्यूट्रलला जोडून ठेवली असेल, तर तोच टेस्टर "सगळं ठीक" दाखवतो. आरसीसीबीवरचं (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरचं) टेस्ट बटण दाबलं आणि तो पडला की लोक खूश होतात. त्या बटणाचा अर्थिंगशी संबंध नाही, इमारतीत अर्थिंग नसलं तरी तो पडतो. बटणाने फक्त आरसीसीबीची यंत्रणा चालते एवढं कळतं. म्हणून मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तिन्ही मापं घ्या. पहिली दोन २३० व्होल्टच्या आसपास आणि जवळजवळ सारखी यायला हवीत, तिसरं अगदी थोडं. फेज-अर्थ अर्धवट, वर-खाली होणारं आलं तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली किंवा जोडलेलीच नाही असं समजा. न्यूट्रल-अर्थ बरोबर शून्य आलं, तेही घरात लोड चालू असताना, तर आनंदी होऊ नका, मागे अर्थ न्यूट्रललाच जोडलेला असू शकतो, सॉकेट उघडायला लावा. उघडण्याचं काम परवानाधारक वायरमनचं. आपण मोजायचं आणि शेजारी उभं राहून बघायचं.

बाथरूमचा उतार हा सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष. पाणी नहाणी ट्रॅपकडे (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याकडे) जायला हवं, त्यासाठी मीटरला साधारण एक सेंटिमीटर उतार पुरतो. काही जण गोटी सोडून पाहतात. मी बादलीभर पाणी ओततो आणि दहा मिनिटांनी परत येतो, कारण गोटी टाईलच्या सांध्यात अडकते, पाणी अडकत नाही. एका मास्टर बेडरूमच्या बाथरूममध्ये ते पाणी उंबरा ओलांडून बेडरूममध्ये आलं. उतार पूर्ण उलटा होता. गवंड्याने लेव्हल बरोबर धरली होती, पण ट्रॅपची जागा नंतर बदलली आणि ते त्याला कुणी सांगितलंच नाही. जागा बदलताना खालचं वॉटरप्रूफिंग फोडलं असणारच. म्हणून तिथे टाईल बदलण्याआधी चोवीस तास पाणी साठवून ठेवण्याची चाचणी मागायची: ट्रॅप बंद करा, पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने आखा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटचं छत पाहा. ट्रॅपची जाळी काढून टॉर्चने आत बघायलाही विसरू नका. सिमेंटचा गोळा, विटेचा तुकडा, गुटख्याच्या पुड्या, एकदा तर अख्खा हातमोजा निघाला होता.

बाकी चटकन दिसणारे प्रकार पुष्कळ. कमोडला आपटून अर्धवट उघडणारं दार, फॉल्स सीलिंगच्या पोकळीतच हवा फेकणारा एक्झॉस्ट फॅन, ओट्याखाली नुसत्या सिलिकॉनने चिकटवलेला सिंक. हे लिहा, फोटो काढा, पुढे चला. टाईल ठोकून पाहताना प्रत्येक पोकळ आवाजावर अडून बसू नका. कोपऱ्यात जरासा पोकळपणा चालतो, मधोमध किंवा अर्ध्याहून जास्त भाग पोकळ वाजला तर टाईल बदलून मागा.

जुनी, रिसेलची घरं वेगळी काळजी मागतात. तिथे हसू फारसं येत नाही. डक्टकडे जाणाऱ्या पाईपसाठी बीम फोडून सळई कापलेली मी पाहिलीय, आणि वर पीओपीची सुंदर नक्षी. कपाट खोल बसावं म्हणून कॉलमचं काँक्रीट हातभर छिनलेलंही पाहिलंय. घरमालकांना त्यात काही गैर वाटलं नव्हतं, त्यांच्या लेखी ती भिंतच होती. अशा वेळी "इमारत धोकादायक आहे" असं आपण लिहायचं नाही. काय दिसलं, कुठे, किती लांब-खोल, एवढं मापासकट लिहून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे पाठवायचं. हाऊसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. तो अहवाल सोसायटीकडून मागून घ्या, पुष्कळ उत्तरं त्यातच मिळतात.

भेगांचंही तसंच. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत आणि कॉलम यांच्या सांध्यावर सरळ जाणारी बारीक भेग बहुधा जाळी न लावता केलेल्या प्लास्टरची असते. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळती, तिरकी भेग दिसली तर मात्र वरच्या आणि खालच्या मजल्यावर त्याच जागी जाऊन पाहा.

ओलीबद्दल एक सावधगिरी. मे महिन्यात तपासणी केलीत तर भिंती कोरड्याच दिसणार. थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, पृष्ठभागाचं तापमान दिसतं. गार डाग दिसला तर मॉइश्चर मीटर टेकवूनच ओल म्हणा. पश्चिम आणि नैऋत्येच्या खिडक्यांवर बाहेरून पाइपने पाणी मारून पाहा, पावसाळ्यात झोडपा तिकडूनच बसतो.

मोजमापात रेराचा (घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याचा) कार्पेट एरिया, म्हणजे घरातलं वापरायचं क्षेत्रफळ, नीट समजून घ्या. त्यात घरातल्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. लेझर मीटरने फक्त खोल्यांची बेरीज केलीत तर आकडा कमी भरेल आणि बिल्डरवर नाहक आरोप होईल. आपली चूक निघाली की उरलेल्या यादीलाही कुणी किंमत देत नाही.

शिकायचं असेल तर आधी काही महिने चांगल्या वायरमन आणि प्लंबरच्या मागे फिरा. पदवीत भिंतीमागचं जग फारसं शिकवत नाहीत. साईटवरच्या माणसांशी आदराने बोला. दोष कसा झाला हे गवंडीदादाच सांगतो, आणि तो तुम्हाला शत्रू समजला तर काहीच सांगत नाही. दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराकडून कमिशन घेऊ नका, कधीच.

फेरतपासणी हा कामाचा अर्धा भाग आहे. दुरुस्त केलेली जागा पाहाच, पण तिच्या आजूबाजूचंही पाहा. टॉवेल रॉड नव्याने लावताना स्क्रू नेमका पाईपात गेलेला असतो. तो स्क्रूच भोक बुजवून ठेवतो, आणि गंजला की पाझर सुरू होतो. म्हणून दुरुस्तीनंतर प्रेशर टेस्ट पुन्हा मागा.

२०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. ग्राहकाला यादी ईमेलने, फोटोंसकट पाठवायला सांगा, म्हणजे कळवल्याची तारीख राहते. ताब्याच्या छापील पत्रात "सर्व काही समाधानकारक मिळाले" असं वाक्य पुष्कळदा असतं. सही करण्याआधी त्याखाली "सोबतच्या यादीतील दोष वगळून" असं हाताने लिहून यादी पत्राला जोडायची, आणि त्या पत्राची शिक्का मारलेली प्रत त्याच दिवशी घेऊन यायची.